उणे टक्क्यांचे शहाणपण

उन्हाळा चढू लागला की पंढरपुरात, आणि एकूणच भीमाकाठी, ख्यालीखुशालीच्या जागी एक प्रश्न येऊन बसतो : "उजनी कितीवर आली?" उत्तर येते, "उणे तीस." विचारणारा मान हलवतो आणि पुढचे बोलणे सुरू होते. परगावच्या माणसाला हा संवाद विनोदी वाटावा. शून्याच्या खाली धरणात पाणी असेलच कसे? परंतु येथल्या चहाच्या टपरीवरही या उत्तराचा अर्थ कोणाला विचारावा लागत नाही.

अर्थ असा. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी. त्यातला ६३.६६ टीएमसी हा मृतसाठा आणि ५३.५७ टीएमसी हा उपयुक्त साठा. रोज जाहीर होणारी टक्केवारी केवळ उपयुक्त साठ्याची असते. तो संपला की आकडा शून्यावर येतो, आणि मृतसाठ्यातले पाणी जसजसे कमी होते तसतसे टक्के उणे होत जातात. २०२४ च्या जूनमध्ये उजनी उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेली होती; म्हणजे मृतसाठ्यातलेही निम्मे पाणी संपत आले होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये धरण काठोकाठ भरले आणि आदल्या महिन्यांत पाण्यासाठी आकाशाकडे पाहणारे पंढरपूर पुराच्या इशाऱ्याकडे पाहू लागले. हे गणित शिकवायला कोणी शिबिर भरवले नव्हते. ज्याला शाळेतली टक्केवारी कधी जमली नाही, तोही उणे चाळीस आणि उणे पन्नास यांतला फरक आपल्या उसाच्या खोडव्यात मोजून सांगतो.

हे सविस्तर सांगण्याचे कारण एवढेच की, हवामान बदलाविषयी विश्वासार्ह माहिती नागरिकांपर्यंत आणि गावपातळीवर निर्णय घेणाऱ्यांपर्यंत का पोहोचत नाही, या प्रश्नाचे एक ठरीव उत्तर आपल्याकडे दिले जाते : विषय अवघड आहे, सामान्य माणसाला विज्ञान कळत नाही, त्यासाठी जनजागृती हवी. हे उत्तर आम्हांस मान्य नाही. उजनीचे उणे टक्के हा त्याविरुद्धचा आमचा पुरावा आहे. माणसे अवघड आकडा शिकतात. मात्र तो आकडा कसा येतो यावर सारे अवलंबून असते. उजनीचा आकडा रोज येतो. एकाच मापाने येतो. मराठीत येतो. तो खरा की खोटा हे डोळ्यांनी पडताळता येते. पाणी ओसरले की पळसदेवचे बुडालेले मंदिर उघडे पडते आणि आकड्याची साक्ष देते. शिवाय त्यात प्रत्येकाचा काही ना काही स्वार्थ गुंतलेला असतो. या पाच गोष्टी जुळल्या की माहिती लोकांची होते. त्या जुळल्या नाहीत, तर कितीही मौल्यवान माहिती कपाटात राहते.

आता हवामान बदलाच्या माहितीला हीच कसोटी लावून पाहू. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय समितीचे, म्हणजे आयपीसीसीचे, अहवाल संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषांच्या परिघात फिरतात. त्या सहांत भारतातली एकही देशी भाषा नाही. ते दूरचे म्हणून सोडून देऊ. जवळचे उदाहरण पुण्याचे आहे. पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये भारतीय प्रदेशातील हवामान बदलाचे पहिले राष्ट्रीय मूल्यमापन सिद्ध केले. १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढले. १९५१ ते २०१५ या काळात उन्हाळी मोसमी पाऊस सुमारे सहा टक्क्यांनी घटला. आणि मध्य भारतात एका दिवसात १५० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडण्याच्या घटना १९५० ते २०१५ या काळात सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्या, असे त्यात म्हटले आहे. एकूण पाऊस कमी आणि कोसळणारा पाऊस जास्त, हा या निष्कर्षांचा गाभा. शेती करणाऱ्याला किंवा गटार बांधणाऱ्याला याहून महत्त्वाचे वाक्य क्वचितच सापडेल. ग्रंथ इंग्रजीत आहे. आळंदीहून निघालेली पालखी तीन आठवड्यांच्या आत पंढरपुरी पोहोचते. पुण्याहून २०२० साली निघालेले हे वाक्य अद्याप वाटेतच आहे.

समजा, ते पोहोचले, तरी सरपंचाला पडणारा पहिला प्रश्न वेगळाच असेल : मध्य भारत म्हणजे आमचे गाव का? हा प्रश्न अडाणीपणाचा नाही, तो अत्यंत शास्त्रशुद्ध आहे. देशाच्या सरासरीत राजस्थान, मेघालय आणि माण नदीचा काठ एकत्र मिसळलेले असतात. "यंदा सरासरीच्या ९६ टक्के पाऊस" हे वाक्य दर उन्हाळ्यात मथळ्यात येते, पण सांगोल्याच्या डाळिंबाला त्यातून काहीही कळत नाही. आणखी एक गंमत म्हणजे ती सरासरीसुद्धा स्थिर नसते. पूर्वी १९६१ ते २०१० या पन्नास वर्षांवरून देशाच्या मोसमी पावसाची सरासरी ८८० मिलिमीटरच्या आसपास धरत. २०२२ पासून १९७१ ते २०२० यांवरून ती ८६८.६ मिलिमीटर धरली जाते. मोजपट्टीच बदलली आणि ती का बदलली, हे ज्यांचे वर्ष तिच्यावर मोजले जाते त्यांना कोणी सांगितले नाही.

येथे भाषेचाही एक गुंता आहे, आणि साहित्याच्या वाचकांनी त्याकडे लक्ष द्यावे असे आम्हांस वाटते. उद्या पाऊस पडेल का, यालाही मराठीत आपण हवामान म्हणतो आणि तीस वर्षांत पावसाची रीत कशी बदलली, यालाही हवामानच म्हणतो. इंग्रजीत या दोन कल्पनांना दोन शब्द आहेत; आपण एकाच शब्दावर भागवतो. त्यात वर्तमानपत्रांनी "वातावरण बदल" हा शब्द इतका सैल केला आहे की दुपारी ढग आले तरी वातावरण बदलते आणि बेदाण्याच्या शेडवर अवकाळी सरी आल्या तरी वातावरण बदलते. मग ऐकणारा सहजच म्हणतो, "वातावरण काय, नेहमीच बदलते." त्याचे चुकत नाही, आपला शब्द चुकतो. खरे तर हा फरक समजावणे मुळीच कठीण नाही. आज बाजार समितीत बेदाण्याला काय भाव मिळाला ही एक गोष्ट, आणि गेल्या वीस वर्षांत भावाची चाल कशी राहिली ही दुसरी. एका दिवसाच्या भावावरून कोणी बाग लावत नाही आणि काढतही नाही. हवामान बदल ही चालीची गोष्ट आहे. असे सांगणारा भेटला, तर कासेगावचा द्राक्ष बागायतदार पुढचे आपणच समजून घेईल.

शास्त्र जेथे बोलत नाही ती जागा रिकामी राहत नाही. सोलापुरात दर जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेत होमप्रदीपनानंतर वासराच्या हालचालींवरून वर्षाची भाकणूक सांगितली जाते आणि दुसऱ्या दिवशी ती पेपरात येते. पंचांगातली पर्जन्यनक्षत्रे आणि त्यांची वाहने आहेतच. अलीकडे त्यांत मोबाइलवरून तारीखवार पाऊस सांगणाऱ्यांची भर पडली आहे. या साऱ्यांना हसणे सोपे आहे; आम्ही हसणार नाही. ती माणसांना का पटतात, हे आधी पाहिले पाहिजे. ती मराठीत बोलतात, जिल्ह्याचे नि तालुक्याचे नाव घेतात, आणि पेरायचे की थांबायचे हे सांगतात. शास्त्रीय संस्थांची भाषा "काही भागांत तुरळक ठिकाणी मध्यम ते जोरदार पावसाची शक्यता" अशी असते. ती काटेकोर असते, पण तिच्यातून निर्णय निघत नाही. भाकणुकीची त्रुटी दुसरीकडे आहे : ती आपल्या चुकांचा हिशेब ठेवत नाही. गतवर्षीचे भाकीत किती खरे ठरले, हे कोणी मांडून दाखवत नाही. विश्वासार्हता म्हणतात ती या हिशेबात असते. म्हणून आमचे शास्त्रीय संस्थांना सांगणे आहे की, तुमच्याजवळ हे एक धन आहे, ते लपवू नका. आमच्या तालुक्यासाठी दिलेले किती अंदाज बरोबर आले नि किती चुकले, हे दर हंगामानंतर मराठीत जाहीर करा. चुका कबूल करणाऱ्यावर माणसे अधिक विश्वास ठेवतात, हा व्यवहारातला अनुभव आहे.

या माहितीवाचून काय अडते, असे कोणी विचारील. १४ ऑक्टोबर २०२० ची आठवण पंढरपुरात अजून ताजी आहे. बंगालच्या उपसागरातून निघालेला कमी दाबाचा पट्टा तेलंगणावरून सोलापूर जिल्ह्यावर आला, मुसळधार पाऊस कोसळला आणि चंद्रभागेकाठी कुंभार घाटाची भिंत पडून सहा जणांचा मृत्यू झाला. मागोमाग नदीला मोठा पूर आला. भिंत का पडली, दोष कोणाचा, हे ठरवणे आमचे काम नव्हे. आमचा प्रश्न त्यापुढचा आहे. यानंतर नदीकाठी जी भिंत, जो पूल, जे गटार बांधले जाईल, ते किती पाऊस धरून बांधायचे? मागच्या पन्नास वर्षांचा, की पुढच्या पन्नास वर्षांचा? नगरपरिषदेच्या अभियंत्याला हा आकडा कोण देतो? नगरसेवकाने तो मागायचा कोणाकडे? सोलापूरला दुष्काळी जिल्हा म्हणण्याची आपल्याला पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या पुराने याच जिल्ह्यातली गावे वेढली. दुष्काळी ही आता अर्धी माहिती झाली आहे, आणि अर्ध्या माहितीवर आखलेला आराखडा पूर्ण पैसे खातो.

पुराच्या वेळी काय होते ते पाहा. उजनीतून इतके हजार क्युसेक, वीर धरणातून इतके हजार क्युसेक सोडले, असे निरोप येतात. नीरा नदी उजनीच्या खाली नीरा नरसिंहपूरला भीमेस मिळते, म्हणून पंढरपूरला दोन धरणांची बेरीज भोगावी लागते. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी. व्यासनारायण वसाहतीतल्या बाईला या घनफुटांचे काय करायचे? तिला कळायला हवे ते असे : पाणी दगडी पुलावरून जाईल का? पुंडलिकाच्या देवळाला कुठवर लागेल? आमच्या गल्लीत कधी येईल, आज रात्री की उद्या दुपारी? ही भाषा पंढरपूरला शतकानुशतके येते. इतक्या क्युसेकला अमुक पायरी बुडते, एवढा तक्ता पाटबंधारे खात्याच्या नोंदी आणि घाटावरच्या जुन्या माणसांची आठवण एकत्र करून महिन्याभरात होईल. तो प्रत्येक घाटावर रंगवून लावावा. पाणी धरणातून निघून येथे पोहोचेपर्यंत जो वेळ मिळतो, तोच माणसांच्या हाती असतो. तो घनफुटांचा अर्थ लावण्यात जाऊ नये.

शेताची कथाही अशीच. राज्यात महावेध प्रकल्पातून महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की अतिवृष्टी धरली जाते, आणि पुढचे पंचनामे नि मदत त्या नोंदीला बांधलेली असतात. म्हणजे एका यंत्रातला आकडा वीस-पंचवीस गावांच्या खिशाशी निगडित आहे. पाऊस मात्र मंडळाच्या हद्दी पाळत नाही. केंद्राच्या गावी रिमझिम आणि पलीकडच्या शिवारात तळे, हे नेहमीचे आहे. अशा वेळी तो आकडा रोजच्या रोज सर्व गावांच्या चावडीवर लागलेला नसेल, तर यंत्राविषयी संशय येतो, आणि यंत्राविषयी आलेला संशय पुढे सगळ्या शास्त्रावर पसरतो. २०२४ मध्ये केंद्र सरकारने ग्रामपंचायतनिहाय हवामान अंदाज सुरू केला, ही चांगली गोष्ट. त्याच वर्षी देशातील सुमारे दोनशे जिल्हा कृषी-हवामान केंद्रे, जी स्थानिक भाषेत तालुक्याला सल्ला देत, बंद करण्यात आली. अंदाज यंत्रातून आला आणि त्याचा अर्थ सांगणारा माणूस गेला. कीर्तनाच्या या नगरीला हे सांगायला नको की नुसता अभंग म्हणून निरूपण होत नाही. शंका फेडणारा कोणी समोर उभा असावा लागतो.

आता दोन आक्षेप. पहिला शास्त्रज्ञांचा : एका तालुक्याविषयी पुढच्या तीस वर्षांचे ठाम भाकीत करता येत नाही. हे खरे आहे, आणि ते तसेच सांगावे. कोरडवाहू शेतकरी दर मृगाला अनिश्चिततेवरच पैसे लावतो. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी ओलीच्या अंदाजावरच पेरली जाते. "इतके ते इतके वाढेल, याची शक्यता अधिक, त्याची कमी" हे बोलणे त्याला परके नाही. त्याला परके आहे ते मौन.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : माहिती मिळाली तरी गावाच्या हाती काय आहे? पाण्याचे वाटप वर ठरते, उसाचे क्षेत्र कारखान्यांच्या गाळपावर ठरते, निधी योजनेतून येतो. या आक्षेपात तथ्य आहे, आणि माहिती का पोहोचत नाही याचे एक उत्तरही त्यातच दडले आहे. माहिती निरुपद्रवी नसते. धरण उणे जाण्याची वर्षे पुढे वाढणार की कमी होणार, हा प्रश्न जाहीरपणे विचारला की उसाचा प्रश्न विचारावा लागतो, कालव्याच्या शेपटाकडच्या गावांचा प्रश्न विचारावा लागतो. पुष्कळांना तो नको असतो. म्हणूनच माहिती सुलभ करणे हे पत्रके छापण्याचे काम आहे, असे आम्ही मानत नाही. तो अधिकाराचा प्रश्न आहे.

मंगळवेढे येथून जवळच आहे. तेथील दामाजीपंतांची कथा महाराष्ट्रात कोणाला सांगावी लागत नाही : दुष्काळात बादशहाच्या परवानगीची वाट न पाहता त्यांनी धान्याची कोठारे लोकांना खुली केली, असे परंपरा सांगते. आपण ती भक्तीची कथा म्हणून ऐकतो, आणि ती आहेच. पण ती एका स्थानिक अधिकाऱ्याच्या निर्णयाचीही कथा आहे. दामाजीपंतांना दोन गोष्टी ठाऊक होत्या : बाहेर किती भूक आहे आणि कोठारात किती धान्य आहे. किल्ली हाती होतीच. आजच्या सरपंचाला कोठाराचा हिशेबही कोणी दाखवत नाही, मग किल्लीची गोष्ट दूरच.

हिशेब दाखवला तर काय होते, याचा दाखला अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने दिला आहे. तेथे पडलेला पाऊस गाव मोजते, पाण्याचे अंदाजपत्रक ग्रामसभेत मांडले जाते आणि कोणती पिके घ्यायची हे त्यावरून ठरते. हे काही मोठ्या प्रयोगशाळेचे काम नाही. आपल्याकडे २ ऑक्टोबरला ग्रामसभा भरवण्याची प्रथा आहे. पावसाळा सरत आलेला, रब्बीची पेरणी तोंडावर, असा हा नेमका दिवस. त्या सभेत सहायक कृषी अधिकाऱ्याने उभे राहून पाच गोष्टी मराठीत वाचाव्यात : यंदा मंडळात किती पाऊस झाला, गेल्या तीस वर्षांत तो कसा होत आला, किती दिवसांत पडला, विहिरींची पातळी काय, आणि हवामान खात्याचे यंदाचे अंदाज किती खरे ठरले. मग गावाने प्रश्न विचारावेत, आणि ज्यांची उत्तरे तेथे मिळणार नाहीत ते प्रश्न लिहून तालुक्याला, जिल्ह्याला, पुण्याला पाठवावेत. उत्तर पुढच्या सभेपूर्वी आले पाहिजे, असा नियम असावा. पंढरपूर नगरपरिषदेनेही आषाढीच्या नियोजनाआधी अशीच एक जाहीर सभा घ्यावी. ऊन, पाऊस आणि पूर या तिन्हींचा त्या लाखो पायांशी संबंध आहे.

यातून हवामान बदल थांबणार नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. पण पुढच्या पावसाळ्यात घाटावरच्या माणसाला उजनीतून किती पाणी सुटले एवढेच नव्हे, तर आपली पायरी किती वाजता बुडेल हेही सांगता आले पाहिजे. उणे टक्के वाचणाऱ्या लोकांकडून ही अपेक्षा मुळीच जास्त नाही. अपेक्षा आहे ती आकडे बाळगून बसलेल्यांकडून.